दहा पावलं

नागपूरच्या मनीषनगरात आमच्या गच्चीवरून विमानं इतक्या खालून जातात की त्यांची चाकं दिसतात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई रोज संध्याकाळी तिथे डावा पाय स्टुलावर पसरून बसायची आणि वर पाहत राहायची. पाय फारसा वाकत नव्हता. "आपण दिल्लीले जाऊ तवा मले रामटेकचा गड वरून पाहायचा हाये," ती म्हणायची. गडाच्या पायथ्याशी तिचं माहेर, धानाची शेतं. तिथे आता आमचं कोणी राहत नाही. पण त्या पिवळसर उजेडात ती बोलू लागली की मीही तिच्यामागून बांधावरून अनवाणी चालत असे, आणि चहा गार होऊन जाई.

दिल्लीला बहिणीकडे जायचं ठरलं तेव्हा तिकिटं काढायला मी बसले. पाय पसरायचा तर वाटेच्या कडेची सीट हवी, गड पाहायचा तर खिडकीची. दोन्ही एकत्र फक्त पुढच्या मोठ्या सीटवर. आईच्या एकटीच्या अपग्रेडचे वर साडेचार हजार मागत होते.

"पहिल्या भावात घेते का कोणी?" आई म्हणाली. "दहा पावलं चाल. तो आवाज देते."

हा तिचा बर्डीच्या बाजारातला नियम. साडीवाल्याने भाव सांगितला की पिशवी उचलायची आणि मागे न पाहता दहा पावलं चालायची. लहानपणी मी तिचं बोट धरून ती पावलं मोजली आहेत. नवव्याला हाक यायचीच, आणि हाक आली की आई लगेच वळायची. मी जाण्यापुरती साधी तिकिटं काढली आणि पाठ फिरवली.

चार दिवसांनी खरंच हाक आली. मोबाईलवर निरोप होता: तीच सीट, साडेतीन हजार. मी हुरळले. बुकिंगआधी साडेचार, नंतर साडेतीन, मग अजून थांबलं तर अडीच का नाही? आईला न सांगता मी चालत राहिले. दोन दिवसांनी पाहिलं तर सात हजार. मी मोबाईल पलंगावर आपटला, जसा काही दोष त्याचाच. विमानतळावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, पुढच्या सगळ्या सीट गेल्या. अति तिथे माती.

"काहून वं, आवाज नाही देल्ला का त्यानं?" आईने विचारलं.

"नाही देल्ला," मी म्हणाले.

ती कडेला बसली, मी खिडकीशी, मध्ये एक झोपाळू गृहस्थ. सकाळचं धुकं विरत होतं. सगळं शहर हळूहळू खाली बुडालं आणि मग उजवीकडे गड आला, ताटाच्या कडेला ठेवलेल्या गुळाच्या खड्याएवढा.

"दिसला का?" तिने पलीकडून विचारलं.

"दिसला."

"धान उभं हाये?"

"हाये."

तिने डोळे मिटले. मला माझी इतकी लाज वाटली की मी खिडकीची झडप खाली ओढली.

परतीचं तिकीट काढताना मी पुढच्या सीटचा पहिलाच भाव मोजला. पाच हजार. आई पुढे डावीकडच्या खिडकीत, मी काही रांगा मागे, उजवीकडे वाटेच्या कडेला. दोन तास मला तिचा फक्त अंबाडा दिसत होता, खिडकीकडे कललेला. तेवढाच पाहत मी डुलक्या घेत राहिले.

नागपूरला सामानाच्या पट्ट्यापाशी ती एका दमात सांगत सुटली: गड, त्याच्यामागचा तलाव, कापलेल्या धानाचे पिवळे तुकडे. मग एकदम थांबून म्हणाली, "कितीले पडली वं ती सीट?"

"अडीच हजारांत."

"किती पावलं चालली?"

"दहा."

आईचा चेहरा फुलला. "शिकली वं तू आता," ती म्हणाली.

मी हो म्हटलं आणि आमची बॅग उचलली.