भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची

परवाच्या मतदानाला आमच्या शाळेत एक खुर्ची पाहिली आणि माझं डोकं असं तापलं की त्यावर भाकरी टम्म फुगली असती. खुर्ची मुख्याध्यापकांची, सागवानी, गादीवाली. तीत बसल्या होत्या निवृत्त शिक्षिका सुमनबाई. मतदान नीट होतंय का, हे बघायला एका नागरिक गटाने त्यांना पाठवलं होतं. हातात परवानगीचं पत्र होतं, वही होती. फक्त खुर्चीचं तोंड भिंतीवरच्या नकाशाकडे होतं!

"बसा हो बाई, आरामात," केंद्रप्रमुख लाडाने म्हणायचा. बाई उठायला गेल्या की पोह्यांची नवी बशी पुढे. चहा तर इतका पाजला की त्यात अख्खी वरात पोहली असती. आणि त्यांच्या पाठीमागे एक दांडगा कार्यकर्ता म्हाताऱ्या आज्यांना हाताला धरून यंत्रापाशी नेत होता, आडोशामागे स्वतःही शिरत होता.

बाईंना हाकललं असतं तर बोंब तरी मारता आली असती. पाहुणचाराची तक्रार कुठे करायची? अहवालात काय लिहायचं, पोह्यांवर लिंबू होतं?

"बाई, मागे बघा!" मी रांगेतूनच ओरडलो.

बाई वळल्या. बशी खाली ठेवून त्यांनी खुर्ची फिरवायला जोर लावला. ती हलेना.

"राहू द्या बाई, कंबर धरेल," केंद्रप्रमुख हसला.

"मग उभी राहते," बाई म्हणाल्या आणि संध्याकाळपर्यंत उभ्या राहिल्या, आडोशाकडे तोंड करून. कार्यकर्ता बाहेरच घुटमळत राहिला.

निघताना त्या पाय चोळत म्हणाल्या, "पुढच्या वेळी घरून स्टूल आणते. कुठेही तोंड करून बसता येतं."

मी सुताराला दोन स्टुलं सांगितलीत, एक बाईंना, एक मला.