पंचाहत्तर अंश

बाबा कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. ड्रॉइंगवरची इंग्रजी अक्षरं पंचाहत्तर अंशांत तिरकी काढायची, हा तिथला नियम. तो त्यांनी घरीही सोडला नाही. बरण्यांपासून लाइटबिलाच्या फायलीपर्यंत सगळीकडे तीच साधी, शेपट्या नसलेली, कललेली अक्षरं. शाळेत असताना मला त्या अक्षरांची लाज वाटायची.

आता अमेरिकेत, सनीव्हेलला, मी पोटासाठी नेमकं तेच करते, अक्षरं काढते. माझ्या कंपनीला तिच्या साध्या सरळ फॉन्टचं तिरकं रूप हवं होतं, फोटोखालच्या ओळींसाठी आणि नकाशातल्या नद्या-तळ्यांच्या नावांसाठी. काही जण सरळ अक्षरंच कॉम्प्युटरवर ढकलून तिरकी करतात. ती धक्का खाल्ल्यासारखी दिसतात आणि मला मुळीच खपत नाहीत. मी कपाटातून बाबांची लेबलं काढली.

पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक खोक्यातली लेबलं मी जपून ठेवते. कस्टमवाल्यांना कळावं म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं 'मेतकूट', 'कडबोळी'. त्यांना काय कळत असेल, देव जाणे. पण ऑफिसातून आल्यावर या घरात मला वाचायला घरचं असं तेवढंच असतं. शनिवार-रविवार, बाबांचा फोन सोडला तर, माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. मी एकटी आहे, आणि ते कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

लेबलं स्क्रीनवर मोठी केली. जुन्यांवरच्या रेषा ताठ होत्या. नव्यांवरच्या कापत होत्या, इंग्रजी आर अक्षराचा पाय तर करवतीसारखा. मार्कर वाळला असेल, असं म्हणून मी कामाला लागले. तीन आठवडे एकेक कंप घासूनपुसून काढला. दर रविवारी फोनवर मी विचारायचे, "कसे आहात?" बाबा म्हणायचे, "मजेत." पुढे मी विचारलं नाही.

फॉन्ट झाला. आमच्या टीमची लीड म्हणाली, "सो वॉर्म!" मी खूश होऊन त्याच अक्षरांत बाबांसाठी बरण्यांची लेबलं छापली आणि पुण्याला पाठवली.

ती पोचली त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांनी तो कागद चष्म्याजवळ नेला. कागद हलत होता.

"हा आर माझा आहे."

"सगळीच तुमची आहेत, बाबा." मी फुशारकीनं म्हणाले.

"मग कापरं कुठे गेलं?"

"कसलं कापरं?"

"हाताचं. दिवाळीपासून चमचा धरवत नाही. चार लेबलं लिहायला अख्खी सकाळ जाते. तुला काळजी नको म्हणून बोललो नाही."

"ते मी... साफ केलं, बाबा. रेषा स्वच्छ कराव्या लागतात."

त्यांनी कागद खाली ठेवला.

"म्हणजे तुला दिसलं होतं," ते म्हणाले.