हॅगल करणारा बाप

मुलगी फोनवर मैत्रिणीशी बोलत होती. जालन्यात दातांच्या दवाखान्यासाठी भाड्याचा गाळा ठरवायला तिला दुसऱ्या दिवशी जायचं होतं. "नाही गं, दादांना नेणार नाही. ते हॅगल करतात," ती म्हणाली आणि हसली.

शब्द कळला नाही, हसणं कळलं. डोकं तापलं. बैलबाजारात दलाली करून मी हिला डॉक्टर केलं आणि आता सौद्याला मीच नको? पण माल बघितल्याशिवाय मी भांडत नाही; आधी शब्द बघायचा होता.

अंबडला आमच्या शेजारी इंग्रजीचे निवृत्त सर राहतात. त्यांना विचारलं.

"हॅगल म्हणजे भावासाठी हुज्जत घालणं. तुमचा तर धंदाच तो."

"मंग हसायचं काय त्यात?"

"जरा हलका शब्द आहे. मोठ्या कंपनीने केलं की निगोशिएट. भाजीवालीशी केलं की हॅगल."

"म्हणजे काम तेच, माणूस बघून नाव?"

सरांनाही चेव आला. त्यांनी जाड शब्दकोश काढला, पानावर बोट फिरवलं. हा शब्द म्हणे विलायतेच्याही उत्तरेच्या थंड मुलखातून आला. तिकडे त्याचं मूळ घाव घालणं. इंग्रजीत आधी हॅगल म्हणजे काहीतरी वेडंवाकडं, ओबडधोबड तोडणं. भावाची हुज्जत त्याला नंतर चिकटली.

हे ऐकून मी रागच विसरलो. इंग्रजांनी भावावर कुऱ्हाड चालवली तर! आपण घासाघीस म्हणतो, म्हणजे आपण तो घासतो. आणि बैलबाजारात आम्ही दोन्ही करत नाही. हातावर रुमाल टाकायचा, खालून एकमेकांची बोटं दाबायची. जेवढी बोटं तेवढे हजार. तोंडातून आकडा निघत नाही, भोवतीच्या माणसांना कळत नाही, सौदा फिसकटला तरी कुणाची इज्जत जात नाही. याला इंग्रजीत काय म्हणतात, विचारलं. सरांनी बरीच पानं उलटली. सापडलं नाही.

घरी येऊन मुलीला ऐकवलं, "मी काय लाकूडतोड्या आहे?"

"दादा, मागच्या गाळ्याच्या मालकाला तुम्ही काय म्हणले? हा गाळा आहे का गोठा! त्याने आपल्याला बाहेर काढलं."

"गोठाच होता तो."

"रस्त्यावरचा होता, माझ्या बजेटात होता. आता हा एकच राहिलाय. हा गेला तर मी दवाखाना कुठं टाकू?"

मी म्हणालो, "ने मला. तोंड उघडत न्हाई."

"बिलकुल?"

"बिलकुल, माय."

गाळा चांगला होता. मालकाने भाडं सांगितलं आणि वर म्हणाला, "यात कमीजास्त होणार न्हाई. परवडत असंल तर बोला." ते 'परवडत असंल' मला झोंबलं. गोठा अगदी जिभेवर आला.

तेवढ्यात माझ्या हातावर काहीतरी पडलं. मुलीची ओढणी. खालून तिने माझा हात धरला होता, नजर मात्र मालकाकडे. लहानपणी ती माझ्याबरोबर बाजारात यायची. तिथे बघितलेलं तिने इतकी वर्षं जपलं असेल, असं वाटलं नव्हतं. मी तिची तीन बोटं दाबली.

"काका, तीन हजार कमी करा. पेशंट जमेपर्यंत मला जड जाईल," ती गोड आवाजात म्हणाली.

मालक एक हजार सोडायला तयार झाला. मी दोन बोटं दाबली. ती दोन म्हणाली. त्याने छताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघत होतो. शेवटी त्याने 'बरं' म्हणून मान हलवली. मी तिचा हात सोडला.

बसस्टँडवर रसवंतीत बसलो. राग पुरता गेला नव्हता, म्हणून विचारलं, "आता मैत्रिणीला काय सांगशील? बापाने हॅगल केलं?"

"सांगते, दादा सोबत होते आणि एक शब्द बोलले न्हाईत."

"खोटं वाटंल तिला," मी म्हणालो.