टायरच्या उजेडातली गुहा

जळत्या टायरचा वास आला, की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तेव्हा मी राजुऱ्याकडे मास्तर होतो. थेंबाथेंबानं दगड कसा वाढतो, हे दाखवायला पोरांना चुनखडीच्या गुहेत नेलं. वाट दाखवणारे म्हातारे लच्चूभाऊ गुहेच्या तोंडाशीच बसले.

"आत आग नका नेऊ, गुरुजी. इथी बसा जरासे. डोळ्यायले सवय झाली का दिसते सारं."

एवढा धीर कुठला! शिकवायची घाई ना मला, गाढवाला! टायरचा तुकडा पेटवून मी आत शिरलो. काळा धूर छताला भिडला आणि वटवाघळं पटापट खाली पडली, पिल्लं छातीला चिकटलेली.

लच्चूभाऊंनी ती दुपट्ट्यात वेचून माझ्यापुढे धरली.

"आता दिसलं का, गुरुजी?"