जहाजावरचा वरणभात

चहा गार व्हायच्या आत सांगून टाकते, नाहीतर मग माझी हिंमत होत नाही. चारी बाजूंनी पाणी, पळून जायला जागा नाही, अशा ठिकाणी मी जो गाढवपणा केला तो आजही आमच्या दुकानात टांगलेला आहे. उगाच म्हणत नाही. भिंतीला खिळा ठोकून टांगलेला आहे.

आमचं दुकान सावनेरला. शेतीचे पाईप अन् नळाचं सामान. आम्ही राहतो नागपुरात, माझ्या लेकीचे, परीचे पप्पा रोज मोटरसायकलनं जातात-येतात. ज्या कंपनीचे पाईप ते विकतात, तिनं एकदा दुकानदारांची सहल काढली. मुंबईहून गोव्यापर्यंत, मोठ्या जहाजानं, बायकापोरांसकट. आता आमच्या घराण्यात समुद्र कोणी पाहिला होता? आमचा समुद्र म्हणजे अंबाझरीचा तलाव, त्यालाही मी परीचा हात धरून दुरूनच नमस्कार करते.

पण खरी गोष्ट सहलीची नव्हती. जहाजावर कंपनी दुकानदारांचा सत्कार करणार होती, जोडीनं. नवराबायकोला स्टेजवर बोलावून शाल, नारळ अन् फोटो. परीचे पप्पा स्वभावानं इतके लाजाळू की आमच्या लग्नात त्यांना स्टेजवर मित्रांनी ढकललं होतं. त्यानंतर कोणत्याच स्टेजवर चढले नाहीत. पण हा सत्कार त्यांनी फारच मनावर घेतला. जायच्या आधीच सीताबर्डीच्या बाजारातून फोटोची फ्रेम घेऊन आले. चांगली रुंद.

"अहो, फोटो निघाला नाही अन् फ्रेम कायले आणली?"

"दोघं मावलो पाहिजे ना त्याच्यात. गल्ल्याच्या वरतं लावतो. लोकाइले दिसू दे, दुकान एकट्याचं नाही म्हणून."

असं बोलणारा माणूस नाही हो तो. वर्षातून एखादं वाक्य असं बोलतात अन् मग आठ दिवस तोंड लपवतात.

मी मात्र निघायच्या आधीपासूनच घाबरलेली. जहाज बुडेल याची भीती कमी, परीच्या पोटाची जास्त. परी तीन वर्षांची. तिला काही वेगळं खाऊ घातलं की ती ते ठेवून घेत नाही, परत करते. मी सासूबाईंना म्हटलं, तिथं हिला काय देऊ? त्यांनी मेथीची जुडी निवडता निवडता सांगितलं.

"हे पाह्य, तिथी हजार जिनसा राहतीन. तू जिनसा नको पाहू. म्हाताऱ्या कुठी बसल्या ते पाह्य. म्हाताऱ्याइले जे पचते ते लेकराले पचते."

हा आमच्या घरचा नियमच आहे. लग्नात गेलो की मी आधी मंडपभर म्हाताऱ्या शोधते. त्यांच्या पंगतीत परीला मांडीवर घेऊन बसते. आजवर एकदाही पोट बिघडलं नाही. तुम्ही हसा, पण करून पाहा.

तर आम्ही चढलो जहाजावर. जहाज कसलं, धरमपेठेतला अख्खा बाजार उचलून पाण्यावर ठेवला होता. जिकडे पाहावं तिकडे खाणं. एका मजल्यावर ताट घेऊन आपल्या हातानं वाढून घ्यायचं. एका ठिकाणी पिझ्झा. एका ठिकाणी काचेच्या आत अंधार करून लोक मेणबत्तीवर जेवत होते. मी म्हटलं, लाईट गेली काय? परीचे पप्पा म्हणाले, हळू बोल.

दुपारी पहिलं जेवण. त्या हातानं वाढायच्या हॉलमध्ये मी इतकी गोंधळली की काय घ्यावं, कुठून घ्यावं, रांग कुठं सुरू होते, काही कळेना. मागचे लोक पुढे सरकत होते. घाबरून जे समोर आलं ते परीच्या ताटात वाढलं. नूडल्स होत्या. तिनं आनंदानं खाल्ल्या, जहाज थोडं हललं, अन् शेजारच्या टेबलावरच्या एका दुकानदाराच्या पांढऱ्या बुटावर सगळं परत केलं.

तो बिचारा म्हणाला, "असू द्या वहिनी, लेकरू आहे." पण सहलभर तो माणूस आम्हाला पाहून पाय मागे घ्यायचा.

त्यानंतर परीनं तोंड मिटलं. बिस्कीट नको, केळं नको, दूध नको. नुसतं पाणी. दुपार सरली, सूर्य खाली आला, पोट्टी तशीच उपाशी. माझा जीव टांगणीला. परीच्या पप्पांना सत्काराच्या तयारीसाठी आधी बोलावलं होतं. नवा सदरा घालून ते आरशासमोर केस दाबत होते.

"खालच्या मजल्यावर मागच्या बाजूले हॉल आहे. कंपनीचं जेवणही तिथीच. तू तयार होऊन सरळ ये. नाव पुकारलं की दोघं सोबत चढू."

"अन् हिनं काही खाल्लं नाही तं?"

"तिथी मिळन ना काही. पण ये वं वेळेवर. मी एकटा चढलो तं माझे पाय कापतात."

जहाजावर फोन लागत नव्हता, एवढं लक्षात ठेवा.

मी सत्कारासाठी घेतलेली मोरपंखी साडी नेसली, परीला फ्रॉक घातला अन् उतरली. मागची बाजू सापडली. पण तिथं हॉल एक नव्हता. मधे लाकडाची घडीची भिंत ओढून एकाचे दोन केले होते. दोन दारं. आता कोणतं?

पहिलं दार ढकललं. आत निळा अंधार, छातीत धडधड होईल असं गाणं, हातात ग्लास घेतलेले पुरुषच पुरुष. टेबलावर तळलेलं काहीतरी. बायका असतील, पण मला दिसल्या नाहीत. म्हातारी तर औषधालाही नाही. परीनं माझ्या साडीत तोंड खुपसलं. मी म्हटलं, हे आपलं असूच शकत नाही. इथं कोण कोणाचा सत्कार करणार? दार लावून घेतलं.

दुसरं दार उघडलं अन् मला माहेरी आल्यासारखं वाटलं. झेंडूच्या माळा. उदबत्ती. तुपाचा वास. अन् समोर ओळीनं म्हाताऱ्या. पैठण्या नेसलेल्या, चष्मे लावलेल्या, बोळक्या तोंडानं हळूहळू जेवणाऱ्या म्हाताऱ्या. सासूबाईंचे शब्द कानात वाजले. मधोमध फुलांच्या खुर्चीवर एक आजी बसलेल्या, गळ्यात हार. मी मनात म्हटलं, ह्या कंपनीच्या शेठच्या आई असणार.

गुलाबी शालू नेसलेली एक बाई लगबगीनं आली. "या ना, दारात काय उभ्या? कुणाकडच्या तुम्ही?"

"सावनेरच्या."

"अगंबाई, म्हणजे नागपूरकडच्या. आत्याबाईंच्या सासरचं कुणीतरी येणार असं ऐकलं होतं. किती लांबून आलात. आधी बाळाला भरवा बघू."

आत्याबाई कोण, मी विचारलं नाही. मोठ्या लोकांच्या कंपनीत असतील कोणी आत्याबाई. माझं लक्ष ताटाकडे होतं. मऊ भात, साधं वरण, वर तूप, लिंबाची फोड. आजींना दात नाहीत म्हणून खास करवून घेतलेलं. मी पहिला घास परीपुढे नेला अन् श्वास धरून बसली. तिनं तोंड उघडलं. मग दुसरा. मग तिनं माझा हात ओढून तिसरा घेतला. तुम्हाला सांगते, त्या घडीला मला कोणी समुद्रात उतर म्हटलं असतं तरी उतरली असती.

"आमचे हे आले नाही का अजून?" मी गुलाबी शालूवालीला विचारलं.

"पुरुष मंडळी वर फोटो काढतायत. येतील की."

झालं. माझं समाधान झालं. परी जेवून राहिली, नाव पुकारलं की परीचे पप्पा येतीलच. मी आजींजवळ जाऊन पाया पडली.

"आजी, तुमच्या पाईपाले तोड नाही. एकदा जमिनीत घातला की मग पाहाचं काम नाही."

आजींनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. "हो का?"

"आमचं सगळं घर तुमच्या पाईपावर चालते."

"बरं झालं हो," आजी म्हणाल्या अन् शेजारच्या म्हातारीकडे वळून हळूच काहीतरी बोलल्या. मला वाटलं, माझं कौतुक सांगतात.

मग दिव्यांनी भरलेलं मोठं ताट आलं. सवाष्णींनी ओवाळायचं होतं. मलाही पुढे केलं. मी ओवाळलं. माझी ओटी भरली, खण, नारळ, तांदूळ. मला इतकं भरून आलं. मनात म्हटलं, पाहा, कंपनी असावी तर अशी. परीच्या पप्पांना उगाच भीती वाटते, किती घरगुती लोक आहेत. फोटो काढला, तेव्हा "विदर्भाच्या मंडळींना मधे घ्या" म्हणून मला आजींच्या खुर्चीला खेटून उभं केलं. परीच्या गालावर भात, पण हसली.

मग एका नातवानं माईक घेतला. "आता विदर्भातून आलेल्या पाहुण्यांनी आजीबद्दल दोन शब्द बोलावेत."

मी सातवी शिकलेली. शाळेत कविता म्हणायला उभी राहिली की घाम फुटायचा. पण वाटलं, हे येईपर्यंत आपण कंपनीची लाज राखली पाहिजे. घेतला माईक.

"मी काही शिकलेली नाही. पण एवढं सांगते, ह्या माउलीच्या कंपनीचा पाईप आमच्या भागात घरोघरी आहे. ऊन लागो, पाऊस लागो, फुटत नाही. दुसऱ्या कंपनीवाले येतात, गिफ्ट देतो म्हणतात. पण परीचे पप्पा म्हणतात, नाही, आपण ह्यांचं मीठ खाल्लं."

एका म्हातारीचा चमचा ताटात पडला तो आवाज मला आजही ऐकू येतो. फुलांच्या खुर्चीतल्या आजींनी हात पुढे केला, नातवानं माईक त्यांच्यापुढे धरला.

"बाळ," आजी फार प्रेमानं म्हणाल्या, "मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. पाईप मी एकही विकला नाही. हजार पौर्णिमा पाहून झाल्या म्हणून पोरांनी हा माझा सोहळा केलाय. तू कुणाची गं?"

मी कोणाची, हे सांगायला मी तोंड उघडलं.

अन् तेवढ्यात भिंतीपलीकडचं गाणं थांबलं. लाकडाच्या त्या घडीतून माईकवरचा आवाज स्वच्छ ऐकू आला. "सावनेरचे गजानन ढोबळे, सपत्नीक." टाळ्या. मग थोडं थांबून पुन्हा, "ढोबळे, सपत्नीक. वहिनी कुठे आहेत?"

वहिनी भिंतीच्या अलीकडे होत्या, हातात माईक अन् ओटीत नारळ.

मी माईक आजींच्या मांडीवर ठेवला, परीला काखेत मारलं अन् पळाली. ओटीतले तांदूळ सांडत सांडत बाहेर, मग त्या निळ्या अंधाराच्या दारातून आत. टेबलं, खुर्च्या, कोणाचे तरी पांढरे बूट, त्यांनी पाय मागे घेतले. मी स्टेजपाशी पोचली तेव्हा फोटोवाला दुसऱ्या जोडीला "जरा जवळ या" म्हणत होता.

परीचे पप्पा पायऱ्या उतरत होते. एक शाल अंगावर, दुसरी घडी घालून हातावर. दोन नारळ छातीशी धरलेले. मला पाहिलं अन् आधी परीकडे पाहिलं.

"जेवली का पोट्टी?"

"जेवली."

"काय?"

"वरणभात."

"मंग ठीक आहे." मग माझ्या ओटीकडे पाहून म्हणाले, "हा तुझ्याजवळचा नारळ कोणाचा?"

मी सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते हातावरच्या शालीची घडी नीट करत राहिले. मी म्हटलं, फोटोवाल्याला सांगते, आपला परत काढ. वळून पाहिलं तर स्टेजवर पुढची नावं सुरू होती, एकामागून एक, जोडीजोडीनं.

"राहू दे," परीचे पप्पा म्हणाले. "पाय नाही कापले माझे. चढलो मी."

हे त्यांनी मला धीर द्यायला सांगितलं. फोटोत पाय कापताना दिसत नाहीत, पण चेहऱ्यावर दिसतं.

गुलाबी शालूवालीनं दुसऱ्या दिवशी डेकवर मला शोधून काढलं, हसून हसून नंबर घेतला अन् घरी पोचल्यावर त्या सोहळ्यातला फोटो पाठवला. त्यात आजींच्या बाजूला मी अशी ऐटीत उभी आहे की कोणालाही वाटावं घरची मोठी सून. ती मंडळी साताऱ्याकडची, तिथल्या कोण्या घरात आता तो लावलेला असेल. मोरपंखी साडी किती खुलली आहे, काय सांगू. ज्याच्यासाठी नेसली तो त्या फोटोत नाही.

अन् त्या रुंद फ्रेममध्ये यांचा फोटो आहे, गल्ल्याच्या वरती. मी म्हटलं होतं, लहान फ्रेम घेऊ. नाही म्हणाले. फोटो पाहाल तर तुमच्याही लक्षात येईल. स्टेजवर जागा भरपूर होती, तरी हे मधे उभे नाहीत. एका बाजूला सरकून उभे आहेत. डावीकडे एक माणूस मावेल एवढी जागा सोडली आहे, अन् दुसरी शाल त्याच हातावर धरली आहे.

गिऱ्हाईक पाईप घ्यायला येतात, फोटो पाहतात. "गजाननभाऊ, ही जागा कोणाची गा?"

हे पाईप मोजता मोजता, वर न पाहता सांगतात, "आमच्या घरची. जेवाले गेली आहे, येईलच."