निळी गाडी आणि जाड काळा रंग

डिंडोलीतल्या त्या जिन्याखाली पाच महिने एक मोटारसायकल उभी राहत होती आणि वर दुसऱ्या मजल्यावर तेवढेच महिने प्रमिलाबाईंच्या जिवाला घोर लागला होता. सांगाडा सत्तावीस वर्षांचा, टाकी एका गाडीची, सीट दुसरीची, मडगार्ड तिसरीचं. त्यांची मुलगी रूपाली कतारगामला हिऱ्यांच्या कारखान्यात खडे निवडायची. सहा दिवस डोळ्याला भिंग लावून हिऱ्यातले दोष शोधायचे आणि सातव्या दिवशी भंगार बाजार पालथा घालायचा. टाकी तिने स्वतः घासली, निळ्या रंगाचे तीन हात दिले. उद्या चौदा एप्रिल. वस्तीतल्या मुलींची मोटारसायकल रॅली यंदा पहिल्यांदाच निघणार होती आणि सर्वांत पुढे ही निळी गाडी असणार होती.

प्रमिलाबाई महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका. बुडेल म्हणून त्यांनी रूपालीला कधी पोहायला पाठवलं नाही. तिकडे तापाची साथ आहे म्हणून पुण्याचं कॉलेजही त्यांच्या काळजीपायीच राहून गेलं. त्यामुळे गाडीबद्दल त्या काही बोलू लागल्या की रूपाली नुसती मान हलवायची. ऐकत नसायची.

तेरा तारखेला दुपारी शाळेतून परतताना त्या जिन्याखाली थबकल्या. परवाच शेवटचा भाग बसला होता. हँडलखाली पुढच्या चाकाचे दोन्ही पाइप धरून ठेवणारा लोखंडी तुकडा. सगळे त्याला टी म्हणत. भंगारवाल्या छगनने तो चक्क काळा कुळकुळीत रंगवून दिला होता. "बेन, कलर पण करी आप्यो, फ्रीमां," असं तो म्हणाल्याचं रूपालीने कौतुकाने सांगितलं होतं.

आजवर छगनने दिलेली प्रत्येक वस्तू गंजलेली, तेलकट. मग हीच एवढी सजवून का? प्रमिलाबाई वाकल्या. उजवीकडे रंग पातळ होता, डावीकडे जाड. तीस वर्षं त्या वह्या तपासत आल्या होत्या. पोरं जिथे चुकतात तिथेच पेन दाबून गिरवतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कारखान्याची जेवणाची सुट्टी झाल्यावर त्यांनी रूपालीला फोन लावला.

"डावीकडे रंग जाड आहे गं."

"दोन हात मारले असतील, आई."

"उजवीकडे का नाही मारले?"

"पाण्यात बुडणं झालं, पुण्यातला ताप झाला. आता टी. आज नको ना, प्लीज." फोन बंद झाला.

रूपालीचा पॉलिशपेपर पायरीवरच पडला होता. खाली काही निघालं नाही, तर रॅलीच्या आदल्या दिवशी मुलीची गाडी आपण विद्रूप केलेली असेल आणि या घरात आपल्या शब्दाला पुन्हा कधी किंमत उरणार नाही. प्रमिलाबाईंनी पदर खोचला आणि घासायला सुरुवात केली. काळ्याखालून राखाडी लोखंड निघालं, त्यावर एक ओबडधोबड उंचवटा. ती ओतकामाची रेघ होती की आणखी काही, हे त्यांना कळेना.

साडेसातला रूपाली आली. पाहिलं आणि खांद्यावरची पर्स तिने सावकाश खाली ठेवली.

"काय केलंस हे?"

"घासलं."

"उद्या आठला निघायचंय."

"ठाऊक आहे मला. एकदा बघ. मग काय बोलायचं ते बोल."

आईला एकदाचं गप्प करावं म्हणूनच रूपालीने पर्समधून भिंग काढलं. गुडघ्यांवर बसली, मोबाइलचा उजेड धरला. मग हँडल पूर्ण उजवीकडे वळवलं आणि पुन्हा पाहिलं. प्रमिलाबाई जिन्याचा कठडा धरून उभ्या होत्या.

"वेल्डिंग आहे," रूपाली म्हणाली. "तुटलेली टी जोडून रंगवलीय."

"मग चालेल ना तशी?" आपणच चुकलो असतो तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं.

"वेल्डिंगच्या कडेने तडा गेलाय. बारीक आहे, पण आरपार." तिने भिंग खाली घेतलं. "काल मी उधन्याच्या पुलावर सत्तरने नेली होती, आई."

प्रमिलाबाई पायरीवर बसल्या. रूपालीने भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांना त्यातून नुसतं राखाडी धुकं दिसलं, कारण डोळा भरून आला होता.

"दिसला?"

"दिसला," त्या म्हणाल्या.

सकाळी निळी गाडी पुढच्या चाकाविना जिन्याखालीच होती. रूपालीला मागे बसवून न्यायला तिची मैत्रीण प्रियांका आली. रूपाली झेंडा सावरत बसणार, तोच प्रमिलाबाई प्रियांकाच्या हँडलखाली वाकल्या.

"हा काळा रंग कुणी दिला?"

"मावशी, शोरूमची गाडी आहे. कंपनीचाच कलर."

"छगनही गोडच बोलला होता."

प्रियांकाला हसू आलं. "रूपाली, सांग ना यांना. सगळ्याजणी चौकात थांबल्यात."

"थांबू दे," रूपाली म्हणाली आणि खिशातलं भिंग काढून तिने आईपुढे धरलं.