खुर्ची सोडणाऱ्यांचा सत्कार

आमच्या वाचनालयात वर्षाला नवी पुस्तकं येतात मोजकीच, पण किस्से? ते कपाटात मावत नाहीत! कुणी घरी आलं की मी सुरू होतो आणि आमची ही आतून ओरडते, "झालं, आता दुसरा चहा टाकावा लागणार!"

मी परळच्या भोईवाड्यातल्या या जुन्या वाचनालयाचा चिटणीस. आम्ही दरवर्षी शांततेसाठी, लोकशाहीसाठी झटलेल्या एका राजकारणी माणसाचा सत्कार करतो. शाल, नारळ, मानपत्र. बस्स. लोक विचारतात, "असे राजकारणी दरवर्षी सापडतात?" सापडतात हो! फक्त शोधायला लागतात.

*

आमचे अध्यक्ष तांबेकाका. गिरणीत आयुष्य गेलं, घरचे मालवणचे. पहिल्या मीटिंगला त्यांनी आणलेल्या लिस्टमधली सगळी नावं सत्तेतली! उपाध्यक्ष जाधवबाई कोर्टात क्लार्क. त्यांनी लिस्ट वाचली आणि घडी घालून परत दिली.

"काका, खुर्चीवर बसलेल्याचा सत्कार सगळेच करतात. खुर्ची मुकाट्याने सोडणाऱ्याचा आपण करू या."

"म्हणजे हरलेल्याचो? मगे हॉलात येतलो कोण?"

"ज्यांनी त्याला पाडलं ते. मनाला टोचणी असते ना!"

पहिल्याच वर्षी हॉल फुल्ल!

*

त्या पहिल्या वर्षीचे पाहुणे विधानसभेचे माजी अध्यक्ष. आम्ही सगळे गाडीची वाट बघत गेटवर उभे. गृहस्थ आले टॅक्सीने, मागच्या दाराने आत शिरले आणि पुढच्या रांगेत जाऊन बसले.

मधेच आत डोकावलेल्या तांबेकाकांनी काही ओळखलं नाही. "आजोबा, ही लाइन पाहुण्यांसाठी हां. मागे बसा."

"हो हो," म्हणत ते उठले आणि पार भिंतीला लागून बसले. वीस मिनिटं! माइकवरून मी दोनदा सांगितलं, "पाहुणे एवढ्यात पोचतील." शेवटी जाधवबाईंचं लक्ष गेलं. तांबेकाकांना घाम फुटला. "साहेब, तुम्ही बोललात कसे नाय?"

"अध्यक्षांनी जागेवर बसा म्हटलं की बसायचं," ते म्हणाले. "दहा वर्षं मीच सगळ्यांना हे शिकवत होतो!"

*

मानपत्राचा किस्सा मात्र माझ्याच अंगाशी आला. प्रूफ मी तपासलं होतं. त्या वर्षीचे पाहुणे एक माजी मंत्री. दोन गावांतला जुना तंटा त्यांनी घरोघर पायी फिरून मिटवला होता. स्टेजवर मी जोशात वाचत गेलो आणि तिसऱ्या ओळीला अडकलो. 'शांततेचे दूत' ऐवजी छापलं होतं, 'शांततेचे भूत'!

पाहुण्यांनी वाकून कागद बघितला आणि माइक स्वतःकडे घेतला.

"बरोबर आहे. माजी झाल्यावर माणूस भूतच होतो. फक्त कुणाच्या मानगुटीवर बसू नये!"

फ्रेम बदलून देतो म्हटलं तर त्यांनी दिलीच नाही. अजून त्यांच्या दिवाणखान्यात लटकतेय.

*

एकदा एक माजी खासदार बाई आल्या होत्या. एका डोंगराळ भागात बंदुका घेऊन बसलेल्या लोकांशी सरकारच्या वतीने त्यांनी कित्येक वर्षं बोलणी केली, आणि बंदुका खाली ठेवायला लावल्या. बुटक्याशा, कॉटनची साडी, आवाज अगदी हळू.

श्रोत्यांतून प्रश्न आला, "मॅडम, त्यांच्याशी पहिलं काय बोललात?"

"चहात साखर किती, ते. त्यांना गोड लागायचा, आम्हाला फिका. सहा महिने हाच विषय! शेवटी साखर वेगळी ठेवायची यावर दोन्ही बाजूंचं एकमत झालं. तेव्हा मी म्हटलं, आता नकाशा उघडा."

*

लालबागच्या एका जुन्या आमदारांनी मात्र फोनवरच नकार दिला. "मी काही केलेलं नाही हो."

तांबेकाका इरेला पेटले. "केलानी कसा नाय? मी होतंय थंय, चौकात!" मला घेऊन ते थेट त्यांच्या घरी.

गोष्ट अशी. एकदा शहर तापलं होतं. चौकात ही गर्दी! सगळ्यांना या आमदारांचं भाषण हवं होतं. ते बोलायला लागले की माणसं पेटून उठायची. ते आले, माइकसमोर उभे राहिले, गळ्याला हात लावला आणि घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाले, "घसा बसलाय. घरी जा." पाच मिनिटं लोक ताटकळले, मग पांगले. त्या रात्री आमच्याकडे एक काचसुद्धा फुटली नाही. पुढच्या निवडणुकीत पार्टीने त्यांचं तिकीट कापलं. ऐन वेळी घसा बसणारा लीडर काय कामाचा?

तांबेकाकांनी विचारलं, "साहेब, खरा सांगा. घसो खरोखर बसलेलो?"

म्हाताऱ्याने चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

तांबेकाकांनी कप तसाच बाजूला ठेवला. "साहेब, त्या दिवशी माझ्या हातात धोंडो होतो."

"दिसला होता मला," ते म्हणाले. "म्हणून तर बसला घसा!"

सत्काराला ते शेवटपर्यंत आले नाहीत. मानपत्र आम्ही घरी नेऊन दिलं.

*

आणि गेल्या वर्षीचा. एका छोट्या देशाचे माजी राष्ट्राध्यक्ष मुंबईत आले होते. ओळखीतून निरोप धाडला आणि माणूस चक्क भोईवाड्यात आला! तरुणपणी मतदानाचा हक्क मागितला म्हणून त्यांना तुरुंगात घातलं होतं. बाहेर आले, निवडून आले, एक टर्म राज्य केलं आणि पुढच्या निवडणुकीत हरल्यावर दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या चाव्या देऊन घरी गेले.

ते मोडक्या इंग्रजीत बोलत होते, जाधवबाई मराठीत सांगत होत्या. "आमच्याकडे अठरा वर्षं निवडणूकच झाली नाही," असं ते म्हणाले.

पुढच्या रांगेत जाधवबाईंची आई होती. वय नव्वदीला टेकलेलं, पण आजवर एक मतदान चुकवलेलं नाही. ती काठी टेकत उभी राहिली.

"मंग एवढी वर्सं तुमी शिव्या कुनाला घातल्या?"

हॉल हसत सुटला! जाधवबाई लाजून लाल. "आई, खाली बस!" पण पाहुणे ऐकेनात. काय विचारलं, सांगा. शेवटी बाईंनी भाषांतर केलं.

ते पोट धरून हसले. चष्मा काढून डोळे पुसले, आणि पुसतच राहिले. मग स्टेजवरून उतरून म्हातारीसमोर येऊन उभे राहिले.

"मनातल्या मनात," ते म्हणाले. "आणि तेसुद्धा हळू."